पंचफुलाचा डावा घोटा

पंचफुला जन्मली तीच पायांनी. आधी डावा पाय बाहेर आला, मग उजवा, आणि डोकं सगळ्यात शेवटी. सुईण घाबरून गेली होती, पण पोरीनं टाहो फोडला तशी तिनं बाहेर ओट्यावर बसलेल्या रूपरावांना ओरडून सांगितलं, "पोरगी झाली वो! अन् पायाळू हाय!"

रूपराव अल्लीपूरचे, कपाशी-ज्वारी करणारे. पहिलंच लेकरू. ते पोरीला पाहायला आत जाण्याआधीच बातमी गावभर झाली होती, कारण गावातला आधीचा पायाळू, म्हातारा तानबा, दोन पावसाळ्यांआधी वारला होता. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण उतरते, ही आमच्याकडची समजूत. तानबा गेल्यापासून उसण भरलेली माणसं वाकड्या कंबरेनं दुसऱ्या गावाला पायपीट करत होती. आता गावाला स्वतःचा पाय मिळाला.

त्याची रीत ठरलेली. रविवारी सकाळी तोंडात पाण्याचा थेंब न घेता यायचं, दारात ओणवं व्हायचं, पायाळूनं पाठीवर पाय टेकवायचा. पायाळूनं काही घ्यायचं नाही. बरं वाटलं की नाही ते विचारायचं नाही. उठायचं आणि मागं न पाहता चालू लागायचं.

पंचफुला अजून बसायलाही शिकली नव्हती तेव्हा भैय्याजी पाटील पहिले आले. आनंदाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, तिला काखेत धरून तिचं लोण्यासारखं पाऊल भैय्याजींच्या पाठीवर टेकवलं, आणि पोरीनं त्यांचा सदरा ओला केला. भैय्याजी पुढं कितीतरी वर्षं चावडीवर सांगायचे, "बाकीच्यायले कोरडा गुण येते. मले पान्यासकट आला."

सगळ्या गावाच्या पाठीला तो पाय लागला. लागला नाही तो एकट्या रूपरावांना, आणि कंबर सगळ्यात जास्त त्यांचीच धरायची. कापसाची गाठोडी उचलायची सवय, वर अंगात जिद्द. पण बापानं लेकीचा पाय पाठीवर घ्यायचा म्हणजे काय! लेक म्हणजे लक्ष्मी, तिच्या पाया पडावं. आनंदाबाई वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायच्या, आणि रूपराव भिंतीकडे तोंड करून शेकत पडायचे. बाहेर दारात त्यांचीच पोरगी गावाला बरं करत असायची.

पोरगी मोठी होत गेली तशी तिची आणखी एक गंमत दिसायला लागली. तिचे सांधे भलतेच सैल होते. हाताचा अंगठा मागं वळवला तर मनगटाला चिकटायचा. पाण्याची गुंडी उचलली की कोपर उलट्या बाजूला वाकायचं. उभी राहिली की गुडघे मागं जायचे आणि पाय धनुष्यासारखे दिसायचे. हळदी-कुंकवाला बायका तिला मधे बसवून करंगळ्या वाकवून दाखवायला लावायच्या, आणि एखादी म्हातारी तोंडावर पदर घेऊन म्हणायची, "माय वो, हाडं हायेत का रबर?"

रबर असतं तर बरं झालं असतं. रात्री तिचे पाय ठणकायचे. सपाट रस्त्यावर चालताना डावा घोटा आपोआप मुडपायचा आणि ती खाली बसायची. घरचे ओरडायचे, "खाली पाहून चालत जाय ना!" ती खाली पाहूनच चालायची. तरी मुडपायचा. शेवटी ती लंगडणं लपवायला शिकली. घोटा सुजला की लुगड्याचं फडकं गुंडाळायची आणि विचारलं तर सांगायची, काटा मोडला.

आणीबाणीच्या वर्षी शाळेत खेळाचे नवे मास्तर आले. चंद्रभान सर. सेलूचे, बौद्ध घरातले, वडील रेल्वेत गँगमन. उंच, सडसडीत माणूस, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी शाळेमागच्या पडीक जागेवर मुरूम टाकून घेतला, बैलांनी रूळ फिरवून घेतला, गावच्या लोहाराकडून दोन लोखंडी कड्या घडवून सागाच्या फळ्यांवर ठोकल्या. झालं बास्केटबॉलचं मैदान. गाव पाहायला जमलं.

शाळेचा शिपाई नत्थू म्हणाला, "सर, तुमच्या टोपलीले बूडच नाई."

"बूड लावलं तर चेंडू वरच राहील, नत्थू. मग तूच चढशील का काढायला?"

"मंग नका लावू," नत्थू म्हणाला. "अशीच झकास दिसते."

सरांनी पहिल्या दिवशी मुलींना टाच न उचलता उकिडवं बसायला सांगितलं. गावच्या पोरी, जन्मभर तशाच बसलेल्या. सगळ्या बसल्या. पंचफुला तर अशी बसली की गुडघे पायाच्या बोटांच्या कितीतरी पुढं गेले आणि टाचा मातीला चिकटलेल्याच. सर खूश झाले. खेळशिक्षकांच्या शिबिरात त्यांना शिकवलं होतं, घोटा मोकळा तर उडी मोकळी. "ही पाहा!" ते बाकीच्या मुलींना म्हणाले. "असा घोटा पाहिजे!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पंचफुलाच्या घोट्याचं कौतुक केलं. त्या दिवसापासून ती त्या मैदानाची झाली.

आणि ती खेळायची तरी कशी! लांब बोटांत चेंडू असा बसायचा जसा घागरीवर तांब्या. अंग कुठूनही वळवून ती दोघींच्या मधून निसटायची. उडी मारली की वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी वाटायची. अडचण होती ती खाली येण्याची. खाली आली की दर काही दिवसांनी डावा घोटा बाहेरच्या अंगाला मुडपायचा, आणि पंचफुला मुरमावर बसून ओठ चावायची.

मग उपाय सुरू व्हायचे. शेजारच्या जिजाबाई गावातल्या चोळणाऱ्या. त्या तिळाचं तेल लावून घोटा चोळायच्या, बोटं ओढायच्या, पाऊल धरून असा झटका द्यायच्या की कट्कन आवाज यायचा. "नस चढलती," त्या समाधानानं सांगायच्या, "बसली जाग्यावर." दोन-चार दिवसांनी शाळेत सर तिला पायरीवर उभं करून घोट्याला ताण द्यायला लावायचे. "आखडला असेल, मोकळा कर." सगळे मनापासून करत होते. जिजाबाईंची माया खरी, सरांची तळमळ खरी. आणि दर खेपेला घोटा आधीपेक्षा लवकर मुडपत होता.

एका शनिवारी सरावात तो असा गेला की चेंडूएवढा सुजला. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भैय्याजी पाटील वाकड्या कंबरेनं दारात आले आणि ओणवे झाले. पंचफुला भिंत धरून आली. डाव्यावर उभं राहवेना, आणि उजव्यावर उभं राहून सुजलेला डावा उचलेना. भैय्याजी कोंबड्यासारखे वाकून वाट पाहत राहिले.

"काऊन वो? पाय लाव ना मा."

"नाई लावता येत, भैय्याजी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

भैय्याजी तसेच वाकड्या कंबरेनं उठले, आणि रूपरावांच्या ओट्यावर बसून त्यांनी गावाचा निकाल सांगून टाकला. "रूपराव, तुमची पोरगी हाय, कबूल. पन पाय गावचा हाय. गावची हीर कोनी खेळासाठी बुजवते का? तिले म्हना, टोपली सोड."

ओट्यावर जमलेल्यांनी माना हलवल्या. आतून आनंदाबाईंचा आवाज आला, "मी कवापासून म्हनून राह्यली. पोरीची जात. उद्या लंगडी झाली त् कोन करन?"

चंद्रभान सर संध्याकाळी आले. पायाळू वगैरे त्यांना पटणारं नव्हतं, ते त्यांनी कधी लपवलंही नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "रूपरावजी, बंद करायचं तर करा. पण आधी वर्ध्याला एक हाडांच्या डॉक्टरीण बाई बसतात, त्यांना पाय दाखवू. नुसतं खेळ थांबवून काय होणार? पोरगी तर रस्त्यानं चालतानाही पडते."

रूपरावांनी पोरीकडे पाहिलं. "रस्त्यानं बी? तू त् काटा मोडला म्हनत होतीस."

पंचफुलानं सुजलेला पाय मागं ओढून घेतला.

वर्ध्याला सरही सोबत गेले. त्या डॉक्टरीण बाई वयानं मोठ्या, बोलायला मऊ. त्यांनी घोटा पाहिलाच, पण मग अंगठा मनगटाकडे वळवायला सांगितला. पंचफुलानं वळवला. कोपर ताणायला सांगितलं. ताणलं. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवायला सांगितले. तेही टेकवले. पोरीला वाटलं, बाईंना गंमत पाहायची आहे.

"करंगळी बी मांगं जाते, बाई. जत्रेत पोट्ट्यायले दाखोतो मी. दाखवू?"

"दाखव," बाई म्हणाल्या. पाहून झाल्यावर म्हणाल्या, "आता यापुढं कुणाला दाखवायची नाही."

मग त्या रूपरावांकडे वळल्या. "हिला रोग काही नाही. हिचे सांधेच जन्मतः सैल आहेत. हाडाला हाड बांधून ठेवणारे बंध असतात, ते हिचे जास्त ताणतात. घोटा मुरगळला की आणखी ताणतात. आणि त्यावर तुम्ही घरी काय करता?"

"जिजाबाई ओढून देते," रूपराव म्हणाले.

"आणि शाळेत?"

चंद्रभान सरांचा चेहरा उतरला. "मी ताण द्यायला लावतो. घोटा मोकळा असला तर..."

"ते खरंच आहे. पण ज्याचा घोटा अडकलाय त्याच्यासाठी. हिचा कुठं अडकलाय? हिचा धरून ठेवणाराच कुणी नाही. बंध काही आवळता येणार नाहीत, पण भोवतीचे स्नायू बळकट करता येतात. घोटा कलला की त्यांनी तिथल्या तिथं सावरून घ्यायचं."

रूपराव पोरीच्या पायाकडे पाहत होते. मग सावकाश म्हणाले, "म्हंजे बाई, वावराच्या धुऱ्यावरचं कुपन ढिलंच राहीन. पन आत जागल्या जागा पायजे. डुक्कर घुसलं का उठलाच पायजे."

बाई हसल्या. "अगदी तसंच."

उपाय ऐकून मात्र बाप-लेक दोघंही गोंधळली. गोळी नाही, सुई नाही. सूज उतरली की रोज डाव्या पायावर उभं राहायचं. आधी भिंतीला बोट लावून, मग न लावता, मग डोळे मिटून. टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. चोळणं-ओढणं बंद. पाय तयार होईपर्यंत खेळ बंद, आणि नंतर खेळताना पट्टी बांधायची.

परतीच्या एसटीत रूपरावांनी आपली अट सांगितली. "बाईनं सांगतलं थे कर. मी भैय्याजीले पाहून घेतो. पन एक ध्यानात ठेव. पाय तयार झाल्यावर पुन्हा एक डाव मुरगळला ना, त् टोपली बंद. मंग रडायचं नाई."

"नाई रडत," पंचफुला म्हणाली.

बोलणं सोपं होतं. घरी एका पायावर उभं राहायचं म्हणजे तमाशाच. कापूस वेचणीचे दिवस, घरात प्रत्येकाचे दोन्ही हात गुंतलेले, आणि ही अंगणात बगळ्यासारखी उभी. आनंदाबाई चिडायच्या, "अवदसा येते घरात अशानं! वेळ असन त् सरकी निवड." जिजाबाई तर रुसूनच बसल्या. आपला हात नको झाला याचं त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

अशा वेळी रविवार आला. दारात नेहमीप्रमाणे एकजण ओणवा झाला. पंचफुलानं उजवा पाय उचलून त्याच्या पाठीवर टेकवला आणि तिच्या लक्षात आलं, आपण डाव्यावर उभे आहोत. हे तर बाईंनी सांगितलेलंच. आणि इथं कुणी बगळा म्हणणार नाही.

तिनं पाय काढलाच नाही.

"झालं का वो?" खालून आवाज आला.

"थांबा जरा. उतरून राह्यला गुन."

त्या रविवारपासून अल्लीपुरात उसण उतरायला वेळ लागायला लागला. माणसं ओणवी होऊन कंटाळायची, पण गुण जास्त येत असेल म्हणून बोलायची नाहीत. भैय्याजींसारखा नेहमीचा माणूस असला तर ती डोळेही मिटून घ्यायची. त्यावरून तर बोलवाच झाली, की पोरीच्या अंगात आता काहीतरी येतं. माणसं वाढली. आनंदाबाईही मग आठवडाभराच्या उभं राहण्याला अडवेनाशा झाल्या. पायाळूचीच काहीतरी साधना असेल, कोण अडवणार?

एकदा भैय्याजी ओणव्यानंच म्हणाले, "पोरी, पह्यले तू डावा लावत होतीस. आताशा उजवाच लावतं. डाव्यातला गुन गेला का?"

"डावा खाली कामावर हाय, भैय्याजी. हालू नका."

सरांना हे कळलं तेव्हा ते इतके हसले की शिट्टी तोंडातून पडली. मग गंभीर होऊन म्हणाले, "माझा त्या पायाळूपणावर विश्वास नाही हं. पण तू उभी राहा." आणि मैदानावर तिला ताण द्यायला लावणं त्यांनी बंद केलं. बाकीच्या पोरी पायरीवर घोटे मोकळे करायच्या तेव्हा पंचफुला बाजूला एका पायावर उभी राहून चेंडू भिंतीवर मारायची आणि झेलायची.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. ती परत खेळायला लागली आणि थंडीत वर्ध्याला जिल्ह्याचे सामने आले. त्यातूनच नागपूरला जाणाऱ्या संघासाठी मुली निवडणार होते. अल्लीपूरची गाठ वर्ध्याच्या एका शाळेशी. त्या पोरींच्या पायांत पांढरे बूट, आमच्या पोरींच्या पायांत कापडी, तेही काहींचे भावाचे. रूपराव 'सरकीचा भाव पाहून येतो' असं घरी सांगून वर्ध्याला आले होते आणि लोकांच्या मागं एका कडूनिंबाखाली उभे होते.

पंचफुला चांगली खेळत होती. दुसऱ्या डावात तिनं कडीखाली उडी घेतली, चेंडू आत टाकला आणि खाली आली ती थेट समोरच्या पोरीच्या पांढऱ्या बुटावर. डावा घोटा बाहेर कलला. झाडाखालून रूपरावांनी तो कलताना पाहिला. पोरगी हातावर टेकली. शिट्टी झाली. सर धावले. रूपराव दोन पावलं पुढं आले, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, की आता टोपली बंद होणार, तरी आपल्याला 'सुटलो' असं का वाटत नाही?

पंचफुला उठली. पाय एकदा जमिनीवर आपटून पाहिला. "खेळतो, सर," म्हणाली, आणि शेवटपर्यंत खेळली.

सामना अल्लीपूर हरलं. पण निवडणाऱ्यांनी तिचं नाव नागपूरसाठी घेतलं.

एसटीत बाप-लेक शेजारी बसली. कडूनिंबाखाली बाप तिला दिसला होता. हिंगणघाटचा फाटा आला. मग रूपराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मुरगळला ना."

"कलला होता, बाबा. मुरगळला नाई."

"म्या पाह्यला."

"कलला. मंग आलाबी वापस."

"काटा मोडला म्हनाची तू," रूपराव म्हणाले.

इतकी वर्षं खोटं बोलून झाल्यावर खरं बोलायला ती पुरावा कुठून आणणार? पायावर पट्टी होती. पट्टीखाली काय आहे ते बापाला दिसत नव्हतं, आणि ती सोडून दाखवली तरी सूज उद्या येणार की नाही ते आज कळणार नव्हतं. ती रात्रभर कुशीवर वळत राहिली. बाजूच्या बाजेवर बाप जागा आहे हे तिला समजत होतं.

सकाळ झाली. रविवार. पंचफुला अंगण झाडून दारात आली तर उंबऱ्याबाहेर रूपराव उभे. तोंड धुतलं होतं, चहा घेतला नव्हता. बंडी काढून खांद्यावर टाकली होती. पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "सोड थे."

तिनं पट्टी सोडली. ते गुडघ्यांवर हात ठेवून ओणवे झाले.

"लाव मा पाय."

आनंदाबाई हातातलं चहाचं भांडं तसंच घेऊन बाहेर आल्या. "अहो! लेकीचा पाय? पाप लागन ना!"

"लागू दे. तू थो चहा आत ने. उपाशी पोटी घ्या लागते थे."

पंचफुला उभीच. बापाची उघडी पाठ तिनं अशी कधी पाहिली नव्हती. मणक्याच्या दोन्ही बाजूंना गाठोड्यांनी घट्टे पडलेले. तिनं हात जोडले, मग उजवा पाय उचलून अलगद कंबरेवर टेकवला. सगळा भार डाव्यावर आला.

ओणव्या माणसाला आभाळ दिसत नाही, गाव दिसत नाही, बायकोचा रागावलेला चेहरा दिसत नाही. रूपरावांना दिसत होता तो फक्त शेणानं सारवलेला तुकडा आणि त्यावर पोरीचा डावा पाय. ते त्याच्याकडे पाहत राहिले. सूज नव्हती. पण पाय स्थिर नव्हता. घोटा जरा बाहेर कलायचा, आणि तो कलला रे कलला की पिंढरीची शीर ताठ व्हायची, बोटं जमीन धरायची, आणि घोटा परत जाग्यावर यायचा. पुन्हा कलायचा. पुन्हा यायचा. कुणीतरी आत जागं होतं.

"झालं का, बाबा?" पंचफुलानं विचारलं. तिचा आवाज घोट्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"थांब," खालून आवाज आला. "उतरून राह्यला."

शेजारच्या कवाडातून जिजाबाई पाहत होत्या. भैय्याजी आपली कंबर घेऊन येत होते, ते समोरचं पाहून वाटेतच थांबले. पोरगी उभी होती आणि बाप वाकलेला होता.

शेवटी रूपराव उठले. रीतीप्रमाणं मागं न पाहता चालू लागायचं असतं. ते चार पावलं गेले आणि रीत मोडून थांबले.

आनंदाबाईंनी रीत आधीच मोडली होती. "आला का गुन?" त्यांनी फणकाऱ्यानं विचारलं.

"कमरेले नाई आला," रूपराव म्हणाले. मग बंडी अंगात घालता घालता पोरीला विचारलं, "नागपूरले जायाचं कवा हाय? बूट पाहा लागन ना."

पंचफुला नागपूरला खेळली, आणि पुढं समुद्रपूरच्या शाळेत खेळाच्या बाई झाली. नवी पोरगी मैदानावर आली की ती तिचा अंगठा आधी वळवून पाहते. रूपरावांची कंबर काही बरी झाली नाही. सुट्टीत लेक घरी आली की रविवारी सकाळी चहाआधी ते दारात ओणवे होतात आणि खाली तिच्या डाव्या पायाकडे पाहत राहतात.